तळघरातला मंगळवार

मंगळवारी संध्याकाळी, मेकन गावात,
चर्चच्या तळघरात आम्ही अकराजणी.
व्हर्निता रिकाम्या ग्लासात साखर घालत जाते,
गोड चहातून आपण रोज पितो तेवढी.
नवव्या चमच्याला कुणीतरी हसलं.
बाराव्याला कुणीच नाही.

"आमच्या आईनं माप कधी घेतलं नाही,"
ओडेसाबाई म्हणाल्या. "हाताला कळायचं."

खरंय. माझ्याही हाताला कळतं
कॉलर्डच्या पाल्यात डुकराचं खारवलेलं हाड
किती वेळ रटरटू द्यायचं.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही उंबरठ्यावर आहात.
आई तो ओलांडून गेली.
तिच्या कपाटात अजून आहेत
रविवारचे जांभळे बूट:
डावा झिजलेला,
उजवा जवळजवळ कोरा.

आज पातेल्यात हाड नाही.
टर्कीचा धुरावलेला तुकडा, व्हिनेगर, लाल मिरची,
आणि बसस्टॉपमागच्या वाफ्यातला पाला.
तिथं किराण्याचं दुकान होतं. बंद पडलं.
मग आम्हीच खणलं.

ओडेसाबाईंनी घास घेतला.
डोळे मिटले. बराच वेळ.
आम्ही सगळ्या त्यांच्या जबड्याकडे बघतोय.

"ही काही माझ्या आईची भाजी नव्हे,"
म्हणाल्या,
आणि पिशवीतून डबा काढला.
"रॉस्कोसाठी घाल थोडी.
त्याला सांगू मात्र नकोस."