सहा रुपये पंधरा पैसे

सव्वानऊला बाजार उघडतो
आणि नव्या पेठेत बिराजदारच्या ऑफिसचं शटर
आम्ही चौघं वाकून ओलांडतो.
ते अर्ध्यावरच अडकतं, दोन वर्षं झाली.
चिन्मुद्रा वर गेला की दुरुस्त करायचं, असं ठरलंय.

चिन्मुद्रा कार्ड्स लिमिटेड.
मी घेतला तेव्हा चौऱ्याऐंशी.
आज सहा पंधरा,
आणि तोही नुसता म्हणायला. घेणारा कोणी नाही.

हत्तुरे म्हणतात, ॲव्हरेज करा.
ते मागच्या मार्चपासून ॲव्हरेज करतायत,
असंच चाललं तर कंपनी एक दिवस
त्यांच्याच नावावर बुडेल.
"चिपा बाहेरून येतात हो पुष्पाताई, माल बंदरात अडकलाय.
सुटला की बघा."
आम्ही बघतो. पंखा बघतो. बाहेर त्रेचाळीस आहे.

शब्बीर नदाफ, एसटीतले रिटायर कंडक्टर, हसतात.
"मी ते कार्ड ह्या हातानं लावलंय मशीनला.
मंगळवेढा गाडी, भरलेली. म्हातारी दांडा धरून उभी.
मशीन म्हणतंय, परत लावा.
परत लावा.
परत लावा.
शेवटी म्हटलं, बस आजी, मशीन नसंल ओळखत, मी ओळखतो."
मग शेअर कशाला घेतला?
नदाफ चहाचा कप खाली ठेवतात.
"हातातून गेलेली वस्तू. वाटलं, आपली आहे."

अर्बन बँकेच्या कर्जखात्यात मी एकतीस वर्षं काढली.
तिथली बाई तळटीप आधी वाचते.
पान एकोणसत्तर, मुंगीएवढा टाइप:
प्रवर्तकांचे एकसष्ट टक्के शेअर तारण.
हे मी वाचलं, पण घेतल्यावर.
घेताना कव्हर बघत होते. कव्हर फार छान होतं.

गाजुल बोलत नाही.
हिशेब तेलुगूत करतो, शिव्या मराठीत देतो,
आज दोन्ही नाही.
त्याच्या भुवयांवर तूस नाही, आज तिसरा दिवस.
टॉवेलवाल्याच्या भुवया स्वच्छ दिसल्या
की समजायचं, माग बंद आहेत.
आम्ही समजतो. विचारत नाही.

माझे नाना साखर पेठेत कार्डंच पाडायचे.
जकार्डची. जाड पुठ्ठा, त्यात भोकं.
भोक तिथं धागा उठायचा, नाही तिथं बसून राहायचा.
पाचशे पुठ्ठे दोरीत ओवले
की चादरीवर मोर उतरायचा.
एक भोक चुकलं तर मोराचा डोळा गळ्यात.
मग नाना रात्री एकेक पुठ्ठा दिव्यासमोर धरून
आरपार बघत बसायचे,
आणि आई म्हणायची, झोपा आता, मोर काही उडून जात नाही.

"विकू या," गाजुल म्हणतो.
एवढंच.
हत्तुरे चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा पुसतात.
बिराजदार ऑर्डर टाकतो. चौघांची.
पुढे एक्केचाळीस लाख शेअर आधीच रांगेत.
पाचव्या दिवशी नळाला पाणी येणाऱ्या गावाला
रांगेचं काय सांगायचं?
आम्ही खुर्च्या जरा मागे घेतो.

अहवालासोबत एक नमुना कार्ड आलं होतं,
निळं, गुळगुळीत, वर माझं नाव: पी. एन. येमूल.
पर्समधून काढते. शटरखालून ऊन येतंय,
तिथं वाकून धरते.
"काय दिसतंय?" नदाफ विचारतात.
बोटं दिसतात माझी. कडेनं, लालसर.
मधे काही नाही.

गाजुल हात पुढे करतो, म्हणतो, बघू.
आणि खूप वेळ बघत राहतो.