तराफा

हॉर्शम सोडलं की व्हिक्टोरियाची माती काळी होत जाते.
उन्हाळ्यात इतकी आकसते
की भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो,
आणि चार दिवस झड लागली की फुगते,
दारांच्या चौकटी खांदा लावून तिरप्या करते.
हिल्डा नोस्के यांचं जुनं घर तिनेच खाल्लं.
विटांच्या सांध्यांतून भेग पायरी पायरीने चढली
थेट आढ्यापर्यंत.
त्यांचे यजमान प्रत्येक भेगेच्या टोकाला पेन्सिलीने तारीख घालत.
९ मार्च. मग हातभर वर, १४ मे.
शेवटची तारीख बाईंच्या अक्षरात आहे.

नवा पाया माझ्याकडे आला.
कडेने खोल तुळया, आत उभ्या-आडव्या आणखी सहा,
वर सगळ्यांना एकजीव धरणारा स्लॅब.
आमच्यात याला तराफा म्हणतात, मी सांगितलं,
माती हलेल तेव्हा सगळं घर एकदम हलेल.
त्या म्हणाल्या, समुद्र इथून तीन तासांवर आहे, पोरी.

ओतकाम पहाटे चारला, उत्तरेचा वारा तापायच्या आत.
सेमिसीची माणसं जाळीवरून चालली की
मी मागून वाकून पाहायची:
खुर्च्यांवर आहे ना, तळाला तर नाही बसली?
तळाला बसलेली जाळी म्हणजे पुरलेलं लोखंड.

मग नुसतं थांबणं.
गॅरेजच्या फरशीत काप घ्यायचे होते.
लवकर घेतले तर खडी उचकटते,
उशीर झाला तर काँक्रीट तुमची वाट पाहत नाही.
सेमिसी खिळ्याने ओरखडा काढून बघे, मान हलवी,
सिगारेट, पुन्हा खिळा.
सव्वातीनला म्हणाला, आता.
करवत गेली, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतकी खोल.
काय फाटायचं ते या रेघांखाली फाटो.

फाटलंही. सगळे काप इमानाने वागले.
फक्त निचऱ्याच्या खड्ड्याच्या कोपऱ्यातून एक,
केसाएवढी, तिरपी, कुणालाही न विचारता.
तिथे दोन तिरक्या सळ्या हव्या होत्या.
खड्डा जागचा हलला तेव्हा मी नकाशा सुधारला,
आणि सुधारलेला नकाशा माझ्याच गाडीत राहिला,
मागच्या सीटवर, सफरचंदांच्या पिशवीखाली.

मोजपट्टी लावली. शून्य पूर्णांक तीन मिलिमीटर.
चालतं, नियमात बसतं, असं म्हटलं मी,
आणि मग पिशवीचंही सांगितलं.

हिल्डाबाई गुडघ्यांवर बसल्या, वेळ लागला त्यांना.
भेगेचं टोक बोटाने शोधलं,
खिशातून पेन्सिल काढली, तारीख घातली.
मग पेन्सिल माझ्यापुढे धरली:
नावही लिही.