तिसरी नळी

मडभावीच्या माळाला रत्नव्वानं
तिफणीच्या तिसऱ्या नळीत
चिंधीचा बोळा कोंबला.
"इथं बाजरी नको. मागनं मी तूर सोडते."

पायगोंडा कासरा धरून उभा.
खालच्या अंगाला कॅनॉल आलाय,
लोक ऊस लावतात, आणि आपण...

ती ओटीतली तूर चाचपते.
बाजरी वरवर पिते, लवकर निघते.
तूर खोल जाते, तिला घाई नाही,
पाला गळेल तो रानाचाच.
काठाला पुंडी. तुझी अंबाडी रे,
नावं दोन, भाजी आंबटच.

"दर?"
"एकाचा पडला तर दुसऱ्याचा."
"आणि पाऊसच नाही आला?"

ती बोळा काढते,
थुंकीनं ओला करते, परत घट्ट बसवते.
बैल आपणहून पाऊल टाकतात.

दिवस कलताना एक ओळ
मोकळीच गेलेली दिसली.
"असू दे," म्हणाली,
"हुलगा फेकीन."