फेरीतलं शेवटचं घर

पन्नाशी गाठली की आमच्या बेटावर
प्रत्येकाच्या नावे एक पाकीट येतं.
मी ते वजनावरून ओळखते:
पत्रापेक्षा जाड, वाढदिवसाच्या भेटीपेक्षा हलकं.
आत एक काडी, अंगठ्याएवढी बाटली,
आणि चित्रं, पोरांना शिकवावं तशी:
परसाकडला बसल्यावर काडीचं टोक कुठे टेकवायचं,
झाकण कसं लावायचं, तारीख कुठे घालायची.

लाल गाडी थांबते, कुत्री भुंकतात,
खिडकीतून नुसता हात बाहेर येतो.
'बिलं असतील,' म्हणतात.
'असतील,' म्हणते मी.
एकोणीस वर्षं हेच.

कोण परत पाठवतं, कोण नाही, मला ठाऊक असतं.
टपालवालीनं बोलायचं नसतं. मी बोलले नाही.

पेगी मास्तरीण. चौदा पोरांची शाळा,
प्रत्येक पानावर तारीख घालायला लावायची.
तिची पाकिटं मीच दिली, तीन.
परत एकही आलं नाही माझ्या थैलीत.
निदान झालं तेव्हा यकृतापर्यंत पोचलं होतं.
ती गेल्यावर तिच्या बहिणीला सापडली ती,
नकाशांच्या कपाटात, न फोडलेली.
मला विचारलं तिनं, 'ही कसली गं?'
मी म्हणाले, बिलं असतील.

मग मार्चात, दुकानात, पावाच्या रांगेत,
हवामानाशिवाय कशावर न बोलणारा इव्हर
बटाट्यांची पिशवी खाली ठेवून म्हणाला,
'माझ्या पाकिटाचं उत्तर आलं.
रक्त सापडलं म्हणे, डोळ्यांना न दिसणारं.
बोटीनं गेलो, पुढे इन्व्हर्नेसला. कॅमेरा घातला,
कुठून ते सांगत नाही.
दोन कोंब निघाले, मसुराएवढे.
तिथल्या तिथे खुडले. वेळेत आलात, म्हणाले.
आदल्या रात्रीचं औषध मात्र!
उभ्या जन्मात इतका धावलो नव्हतो.'

दुकान गप्प.
मग गल्ल्यामागे एफी फिसकन हसली.
कुणी विचारलं, दुखतं का?
कुणी विचारलं, नंतर चहा किती वेळानं देतात?
आणि पाव गार होईस्तोवर
आम्ही आतड्यांवर बोलत उभे होतो,
मेंढ्यांच्या आतड्यांवर बोलतो तसे,
बिनदिक्कत.

आता माझं सांगते.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
माझ्या झाकल्या मुठीत दोन पाकिटं होती,
मोज्यांच्या खणात, मीच मला पोचवलेली.
एकाची मुदत संपलेली.
दुसऱ्याची होती अजून थोडी.

एका मंगळवारी दार लावून घेतलं.
घरात मी एकटीच, तरी लावलं.
काडी, बाटली, टक्क.
तारीख घातली, पेगीला आवडली असती अशा अक्षरात.

टाकायचं कुठे? समोरच्या पेटीत तर नाहीच.
नऊ मैल गाडी हाणली, पीटच्या खाणींपलीकडे,
मेंढ्यांखेरीज कुणी नाही अशा वळणावरच्या पेटीत
सोडून दिलं.
आणि दुसऱ्या सकाळी ती पेटी उघडायला
नेहमीप्रमाणे मीच.
आत एकच टपाल.
उचललं, थैलीत घातलं, कुलूप लावलं,
आणि त्या उघड्या माळावर, वाऱ्यात,
पोट धरधरून हसले.

उत्तर आलंय आज.
पातळ पाकीट. वजनावरून काही कळत नाही.
शेजारच्या सीटवर आहे, गठ्ठ्यात, क्रमानं.
फेरीत माझं घर शेवटचं.
आधी एफीचं बियाण्यांचं पुस्तक,
इव्हरचं पेन्शनचं,
आणि नव्या मास्तरचं, परवाच पन्नास झाला तो:
जाडसर, ओळखीच्या वजनाचं.

खिडकीतून हात आला.
'बिलं असतील, दोलिना.'

मी गाडी बंद केली.
'नाही,' म्हटलं, 'बिलं नाहीत.
दार उघड. चहा टाक.'