तिसरी रापी

उद्यमनगरात, लेथच्या कर्कश शेजारात,
बेअरिंगची कडी अन् जुन्या करवतीचं पातं
एकावर एक. टाकणखार. कोळसा.
घण.

पहिली रापी नवव्या घडीला उकलली,
चिरोट्यागत, थर न् थर.
दुसरी छान निघाली. फार छान.
शेंगतेलात बुडवली, भज्यांचा वास सुटला,
आणि तेलातूनच आवाज आला: टिंग.
एवढाच.
मुनीर म्हणाला, चहा घेऊ या.
घेतला. बोललो नाही.

चूक माझीच. लाल कुठला, केशरी कुठला,
दुपारच्या उजेडात डोळ्याला कळत नव्हतं.
मग दारावर गोणपाट टांगलं,
अंधार केला, रंगाची वाट पाहिली.

तिसरी वाकली जराशी. फुटली नाही.
आम्लातून काढली तेव्हा
पंचगंगेवर वारा उठावा
तशा रेघा पात्यावर.

केराबाईनं ती उजेडात धरलीच नाही.
कातड्यावर टेकवली, ओढली,
कापलेली कड अंगठ्यानं चाचपली.
मग स्वतःच्या दगडावर चार हात मारून
धारेजवळची माझी नक्षी पुसून टाकली.

"आता चालंल," म्हणाली,
आणि पुढचा तळ मांडीवर घेतला.