तिसऱ्या ओळीतला पाचवा

शारजात, सज्जाला, सिमेंटच्या गोदामामागे
खल्फानच्या पत्र्याच्या शेडमध्ये
ती उभी आहे, अडीच फुटी रुळाच्या दोन तुकड्यांवर.
पुढे रूळ नाही. मागेही नाही.
कस्टमच्या कागदावर लिहिलंय :
भंगार, लोखंडी, नग एक.

उन्हाळ्यात साडेबारा ते तीन काम बंद.
आम्ही तिच्या चाकांजवळ गोणपाट अंथरतो.
वसीउल्ला सिल्हेटचा, मी कुर्डुवाडीचा.
त्याच्या डब्यात सुकट, माझ्या डब्यात शेंगाचटणी,
आणि वरून थेंब थेंब काळं तेल,
कुणाच्या भातात पडेल ते तिचं तिलाच ठाऊक.

रंग खरवडत गेलो.
काळा. काळ्याखाली विटकरी.
विटकरीखाली हिरवा, कैरीच्या सालीसारखा.
खल्फान आला, नखाने त्या हिरव्यावर रेघ ओढली
आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.
त्याच्या आजोबांची मोत्यांच्या फेऱ्यांची होडी होती.
फळ्या चुलीत गेल्या, सुकाणूही.
म्हणाला, आमचं काही उरलं नाही, उस्ताद,
दुसऱ्या कुणाचं का असेना, एक तरी जपू.

खारी हवा रात्रीची येते.
सकाळी घासून ठेवलेला पितळी नळ
दुसऱ्या दिवशी हिरवट.
वसीउल्ला त्याला शिव्या देतो बंगालीत,
मी मराठीत,
गंजाला दोन्ही कळत नाहीत.

इलाहीमामा मला पंधराव्या वर्षी
फायरबॉक्सच्या दारातून आत ढकलायचा.
आत काळोख, राख, आणि ओळीने
शेकडो स्टे बोल्ट, दोन पत्रे एकमेकांना धरून ठेवणारे.
हातात अर्ध्या शेराची हातोडी.
"डोळे मीट. बघून काय कळतंय, डोंबल?"
ठण्ण.
ठण्ण.
ठण्ण.
ठद.
"हां. तो मेलाय. खडूने फुली मार."

तीच हातोडी. दांडा तिसऱ्यांदा बदललेला.
चाळीस वर्षांनी मी तिच्या पोटात उकिडवा बसलो
आणि ओळीमागून ओळ वाजवत गेलो.
बाहेर वसीउल्ला आकडे लिहीत होता.
सव्वीस फुल्या.
रिफायनरीतल्या यंत्रांना मी असं कधी ठोकलं नाही,
तिथे पडद्यावर हिरवी रेघ दिसते
आणि आपण सही करतो.

पंचवीस बदलले.
मग विमावाल्यांचं पत्र आलं :
आग नको. वाफ नको.
ती वातानुकूलित दालनात उभी राहील,
शिटी वाजेल भिंतीतल्या स्पीकरातून.
खल्फानने पत्र घडी घालून खिशात ठेवलं,
मला कॉफी ओतून दिली, माझ्याकडे न बघता,
पेला रिकामा झाला तसा पुन्हा ओतली.
पेला हलवून पुरे म्हणायचं असतं,
ते मी विसरलो. चार पेले प्यालो.

तिला आता कायमचा मुक्काम आहे,
माझ्या पासपोर्टावर फेब्रुवारीपर्यंतचा शिक्का.

खल्फानची पुतणी मौज़ा, संग्रहालयाची नोंदवही तिच्याकडे,
पांढरे बूट घालून आली, विचारत होती,
आतमध्ये शिरता येतं का?
म्हटलं, बूट काढ.
अबाया गुंडाळून, गुडघे काळे करत ती शिरली.
हातोडी दिली. डोळे मीट म्हणालो,
डोंबल मात्र अरबीत येईना.
ठण्ण. ठण्ण. ठण्ण.
मग थांबली. पुन्हा मारली. अजून एकदा.
"हा वेगळा आहे."

सव्विसावा.
तिसऱ्या ओळीतला पाचवा.
बदलायला एक सकाळ पुरली असती.
पत्र आल्यावर मी तो मुद्दाम तसाच ठेवला.
आग नाही, दाब नाही, कुणाचा जीव जायचा नाही.
आणि सगळेच नवे केले असते
तर ठद म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगणार?

नोंदवहीत तिने अरबीत काहीतरी लिहिलं.
खाली मला जागा सोडली.
मी मराठीत लिहिलं : मेलेला आहे, काढू नये.
आणि खडूने फुली मारली,
इलाहीमामा मारायचा तशी, तिरकी.