खोट

शिरोली नाक्यावर बस मला सव्वाआठला सोडते
आणि साडेआठला मी भोकं शोधायला बसते.

पंपाची अंगं, ब्रेकची ड्रमं, ट्रॅक्टरचे हब,
बिडाचं सगळं, फोटोमागून फोटो.
वायूचं भोक : लाल चौकोन.
वाळू अडकली : पिवळा.
रस दोन्हीकडून आला आणि मधे भेटलाच नाही,
त्या रेघेला निळा.
दिवसाला नऊशे, फोटोला सत्तर पैसे.
चहा कंपनीचा.

"मशीनला नजर यायला पाहिजे,"
पहिल्या दिवशी सौंदत्तीकर साहेब म्हणाले, "तुमची नजर."
म्हटलं, घ्या की.
आजवर कुणी मागितली नव्हती.

वडील माझे उद्यमनगरात मोल्डर.
गार झालेल्या कास्टिंगवर हातोडी टेकवायचे, कान लावायचे.
"ही बोलत्या," म्हणायचे,
नाहीतर, "हिच्या पोटात कायतरी हाय, बाजूला ठेव."
फोडून बघितलं की असायचंच.
नोंद? नोंद कसली.
जे कळत होतं ते सगळं एका कानात,
आणि तो कान ग्राइंडरनं आधीच निम्मा नेलेला.
ते गेले तेव्हा उरलेला निम्माही गेला.
कारखान्यानं दोन मिनिटं भट्टीचा पंखा बंद ठेवला.

परवा बँकेची माणसं आली, बरोबर दोन परदेशी पाहुणे.
साहेबांनी पडद्यावर रेघ दाखवली :
शंभरात अकरा नग परत यायचे, आता चार.
त्या वाचलेल्या सातांतून दुसरी भट्टी उभी राहिली,
भट्टीवर चौदा पोरं लागली.
त्यात आमच्या गल्लीतला तौफिक नदाफ,
पहिल्या पगारात त्यानं आईला मिक्सर घेतला,
तिनं तो आठवडाभर खोक्यातनं काढला नाही.
पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.
मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू.

पण मार्चात या खोलीत आम्ही सहाजणी होतो.
आता मी आणि पुष्पा हुक्केरी.
जे त्याला येतं ते मशीन आता विचारत नाही,
शंका असेल तेवढीच पाठवतं :
दिवसाला दीडशे, दर वाढवून दोन रुपये.
हिशोब मी केलाय. तुम्हीही करा.

काल एक फोटो आला.
हबाची आतली कड, जिथं फिटरचीही नजर जात नाही.
मशीनचा लाल चौकोन, खाली :
पृष्ठभागाचा दोष, खात्री एकसष्ट टक्के.
मोठं केलं. अजून मोठं केलं.

अंगठा होता.

साचा सावरताना ओल्या वाळूत कुणाचा तरी टेकलेला,
त्यात चौदाशे डिग्रीचा रस बसला,
म्हणून खोलगट नव्हे, फुगीर,
रेघांसकट,
मधून एक जुनी चीर गेलेली.
यादी वरून खाली बघितली :
वायू, वाळू, भेग, आकुंचन, इतर.
अंगठा नाही.
वडिलांना सही येत होती, लफ्फेदार,
तरी पगाराच्या वहीत मुकादम आधी शाईचा डबा पुढं करायचा.

जेवणाच्या सुट्टीत मी भट्टीकडं जाऊन आले.
चौदाच्या चौदा पोरं हातमोजे काढून भाकरी खात होती.
मी हात बघतेय म्हटल्यावर
तौफिकनं डावा हात डब्याच्या झाकणाखाली सरकवला.
"काय ओ दीदी?"
"काय न्हाई. चटणी कसली आणलीस?"

परत येऊन बसले.
सवयीनं पडद्यावर नखानं टकटक केली, कान नेला.
काचेचा आवाज आला.
पुष्पा म्हणाली, "इतर टाक की, सोड."
इतर टाकलं की नग भंगारात जातो, तिला माहीत आहे.

मी 'दोष नाही' दाबलं.
मशीन थांबलं. विचारलं : खात्री?
आता हे ते शिकणार.
उद्या कुठल्या तरी बिडावर असा उंचवटा दिसला,
तर माझ्या भरवशावर सोडून देणार,
अंगठा असो वा नसो.

हो, दाबलं.
दोन रुपये जमा.
पुढचा फोटो आला. भोक होतं, साधं.